दोन हातांचा पल्ला

पडद्यावर दोनशे पंधरा ठिपके होते आणि त्यांतले दोनशे बारा हिरवे झाले होते. दुसऱ्या कुणी एवढ्यावर समाधान मानून चहा मागवला असता. डॉ. हेमांगी टिपणीसला ते जमण्यासारखे नव्हते. उरलेल्या तीन राखाडी ठिपक्यांकडे ती अर्धा तास टक लावून बघत होती, आणि प्रयोगशाळेतल्या इतरांनी तिच्या वाटेला न जाणेच पसंत केले होते.

"सर, हे तिघं सुटलेत," ती शेवटी म्हणाली.

डॉ. विद्याधर बेहेरे तिचे वरिष्ठ. सत्तरीला टेकले होते, तरी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सुटले म्हणजे? नवी आज्ञावली पोचली नाही?"

"ती गावात भरून एकोणचाळीस दिवस झाले. बाकी सगळं गाव एका दुपारी झालं आणि हे तिघं अजून जुन्यावरच आहेत. आठ महिन्यांत आरोग्यकेंद्राकडेसुद्धा फिरकलेले नाहीत."

गाव म्हणजे खारशेत. खाडीकाठचे, चार कुळांचे. पिढ्यान्‌पिढ्या या चार कुळांची आपसांतच सोयरीक, कारण खाडीपलीकडचे लोक तिथे मुलगी देत नसत आणि तिथली करूनही घेत नसत. खारशेतची धडधाकट माणसे चाळिशीच्या आसपास बसल्या बसल्या, निजल्या निजल्या जात. गावात त्याला निजमरण म्हणत आणि त्यावर बोलणे टाळत. बेहेऱ्यांच्या संस्थेने रक्ततपासण्या केल्या तेव्हा उलगडा झाला. दोष वारशाने आलेला होता. हृदय चालता चालता मधूनच थबके आणि बहुतेक वेळा आपले आपण सुरू होई. एखाद्या वेळी होत नसे.

संस्थेने मग दोष असलेल्या प्रत्येकाच्या छातीत, डाव्या बाजूला कातडीखाली, एक 'तालरक्षक' बसवला. बोराच्या आठळीएवढे यंत्र. हृदय थबकले की ते विजेचा हलका ठोसा देई, आणि आपल्याला काही झाले होते हे न कळताच माणूस पुढचा घास घेई. नऊ वर्षांत खारशेतमध्ये एकही निजमरण झाले नव्हते. बेहेऱ्यांच्या खोलीत एकही मानपत्र टांगलेले नव्हते, पण हा आकडा ते भेटेल त्याला ऐकवत.

एवढ्याशा यंत्राला मोठ्याने बोलणे परवडत नाही. बॅटरी वर्षानुवर्षे पुरवायची तर लहरींचा पल्ला आखूड ठेवावा लागतो. म्हणून तालरक्षक कुजबुजत. दर दोन सेकंदांनी यंत्र आपले नाव सांगे. दहा हातांच्या आत दुसरे यंत्र असले तर ते ओ देई. मग दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवत आणि त्या किल्लीच्या क्रमाने एका लहरीवरून दुसऱ्या लहरीवर उड्या मारत बोलत, म्हणजे तिसऱ्याने कान लावला तरी त्याच्या हाती काही लागू नये. या किल्ल्या माणसांच्या शरीरात तयार होत आणि तिथेच राहत. संस्थेकडेही त्यांची नक्कल नव्हती. गावात मनोरा नको, तारा नकोत. माणूस माणसाजवळ आला की निरोप पुढे जाई.

मात्र आज्ञावली बदलण्याइतका मोठा निरोप यंत्र कुणा एकाच्या सांगण्यावरून मानत नसे. तीन वेगवेगळ्या यंत्रांनी, एकाच वेळी, तोच निरोप दिला पाहिजे. हा नियम बेहेऱ्यांचा. "एक बिघडू शकतं," ते सांगत, "दोन एकमेकांना बिघडवू शकतात. तिघांनी एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं बिघडणं अवघड आहे." बाहेरच्या कुणी चोरट्या यंत्राने गावाच्या हृदयात हात घालू नये, यासाठीची ती तजवीज होती.

नवी आज्ञावली हेमांगीने लिहिली होती. बॅटरी दहाऐवजी चौदा वर्षे पुरेल अशी. आरोग्यकेंद्रात तीन माणसांच्या छातीला संस्थेचे यंत्र टेकवून ती आधी त्यांच्यात भरायची आणि मग गावात पसरू द्यायची, असे ठरले. पहिले तीन कोण, यावर गावकीची बैठक झाली. खारशेतमध्ये होळीच्या पहिल्या लाकडापासून देवळाच्या पहिल्या नारळापर्यंत सगळ्याचा मान ठरलेला असतो, तसा हाही ठरला. गावकीचे प्रमुख भिवातात्या, शिवराम अण्णा आणि देवळाचे गुरव. दोनच दिवसांनी गावजेवण होते. पंगती मांडीला मांडी लावून बसल्या आणि दुपारचे ताक येईपर्यंत दोनशे बारा यंत्रे नवी झाली.

"मग हे तिघं जेवायला का नव्हते?" बेहेऱ्यांनी विचारले.

"परगावी असतील," हेमांगी म्हणाली.

पुण्यात बसून दोघांनाही एवढेच सुचले. हेमांगीने दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली. मागे राहिलेल्या तीन जिवांची तिला काळजी वाटत होती.

खारशेतच्या आरोग्यकेंद्रात यमुनाताई एकट्याच होत्या. पंधरा वर्षे त्याच गावात आरोग्यसेविका. कुणाच्या घरात आज काय शिजले हे त्या सांगू शकत, पण तीन राखाडी नावे ऐकल्यावर त्यांना एकदम कापसाचे बोळे मोजायची आठवण झाली.

"दत्ताराम, त्याची बायको सुगंधा आणि आई द्वारकाबाई," हेमांगीने पुन्हा वाचले. "कुठं असतात?"

"खाडीच्या टोकाला."

"इथं का येत नाहीत?"

"येत नाहीत म्हणजे... येत नाहीत, मॅडम." यमुनाताईंनी बोळ्यांवरची नजर काढली नाही. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "वर्षापूर्वी गावकीनं एका विधवेला घराबाहेर काढायचा निकाल दिला होता. द्वारकाबाई तालुक्याला गेल्या आणि कोर्टात जे खरं ते सांगून आल्या. तेव्हापासून त्यांच्याकडं कुणाचे पाय वळत नाहीत. कुणी कुणाला जाऊ नका असं म्हटलेलं नाही हं. कायदा आहे त्याविरुद्ध."

हेमांगीला संताप आला. गावजेवणाला दोनशे बारा माणसे मांडीला मांडी लावून बसली आणि तीन जणांना कुणी ताटावर बोलावले नाही. पुण्याच्या पडद्यावर तिने जे तांत्रिक व्यंग म्हणून महिनाभर न्याहाळले होते, ते हे होते. ती काही बोलणार एवढ्यात तिचा फोन वाजला.

"हेमांगी, बसलीयस का?" बेहेऱ्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"काय झालं, सर?"

"गावात आज्ञावली भरायच्या आदल्या दिवशी आपण टेबलावर एक यंत्र चालत ठेवलं होतं. ते आज सकाळी गप्प झालं."

"बिघडलं असेल."

"मी ते उघडून पाहिलं. बिघाड यंत्रात नाही, आज्ञावलीत आहे. हृदय किती वेळा थबकलं याची रोजची नोंद जिथं राहते, स्मृतीतलं ते घर तू लहान ठेवलंस. बॅटरी वाचावी म्हणून. आपल्या चाचण्या तीस दिवसांच्या होत्या, दर वेळी नव्यानं सुरू केलेल्या. एक्केचाळिसाव्या दिवशी ते घर भरतं आणि मोजणी शून्यावर जाते. शून्य म्हणजे हे हृदय कधीच थबकलेलं नाही. बरं झालंय. मग यंत्र झोपी जातं."

हेमांगी मटकन स्टुलावर बसली. "आणि पुन्हा थबकलं तर?"

"बरं झालेल्या हृदयावर कोण लक्ष ठेवतं? ठोसा नाही. धावासुद्धा नाही. दुसऱ्या यंत्रांचं तेवढं ऐकू येतं."

धावा ही खारशेतला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट होती. ठोसे देऊनही हृदय चालले नाही, तर यंत्र पल्ल्यातल्या सगळ्या यंत्रांना हाक घाली. ज्याला ती पोचे त्याची छाती थरथरे, तीन वेळा तुटक आणि एकदा लांब, आणि तो माणूस पल्ल्यात असेपर्यंत दर मिनिटाला थरथरे. केंद्रातल्या वाचकयंत्राने 'कळलं' असे उत्तर देईपर्यंत ते थांबत नसे. गावाने आपण होऊन त्याला एक रीत जोडली होती. छाती थरथरली की हातातले टाकायचे, मोठ्याने "आलो!" म्हणायचे आणि धावायचे. कोसळलेल्या माणसाला तेवढा तरी आवाज कानी पडावा.

"पहिल्या तिघांचा एक्केचाळिसावा दिवस उद्या," बेहेरे सांगत होते. "बाकीच्यांचा शनिवारी. पहिल्या दिवशी पाच-सहा जातील, हेमांगी. महिन्याभरात निम्मं गाव."

"नवी दुरुस्त आज्ञावली?"

"तपासून, मोहोर लावून द्यायला तीन आठवडे. शस्त्रक्रिया करून यंत्रं बदलायची तर दिवसाला सहा होतात. आणि हृदयावर बाहेरून ताल धरायच्या खाटा जिल्ह्यात अकरा आहेत. माझं सगळं मोजून झालंय. एक परतवाट ठेवली होती मी. जुन्या आज्ञावलीवर परत जायची. पण तिलाही तीन साक्षीदार लागतात, नवी आज्ञावली एकदाही न घेतलेले. ज्या यंत्रानं एकदा घेतली त्याचा शब्द धरला जात नाही. आणि गावाबाहेरचं यंत्र आणून चालत नाही, किल्ल्या त्यांच्या त्यांच्यातच आहेत."

हेमांगी ताडकन उठली. स्टूल मागे पडले. "तीन आहेत, सर! ते राखाडी तिघं! त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, म्हणून ते शाबूत आहेत!"

पलीकडून म्हातारा मोठ्याने रडल्याचा आवाज आला.

यमुनाताई वाट दाखवायला निघाल्या, पण वळणावर त्यांचे पाऊल अडले. "समोर दिसतंय ते घर," म्हणून त्या परत फिरल्या. हेमांगीने त्यांच्याकडे धड बघितलेही नाही. तिला घाई होती.

दत्ताराम ओटीवर पागाचे जाळे विणत बसला होता. पस्तिशीचा, रापलेला. अनोळखी बाई दारात आलेली बघून तो आधी घाबरला आणि मग एवढा हरखला की त्याला बसा म्हणायचेही सुचले नाही. सुगंधा पाण्याचा तांब्या घेऊन आली. हेमांगीने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. तिची चूक, शनिवार, तीन यंत्रे. "तुम्ही तिघांनी एके ठिकाणी बसायचं. गावातल्या माणसांनी एकेक करून पंधरा मिनिटं तुमच्याजवळ यायचं. बस, एवढंच. आई कुठं आहेत?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितले.

"आय गेली," दत्ताराम म्हणाला. "जेठ म्हैन्यात. चार म्हैने झाले."

"पण केंद्रात नोंद नाही," हेमांगी म्हणाली. "यंत्र काढायला यमुनाताई..." चितेवर तालरक्षक फुटतो, म्हणून दहनाआधी तो काढायचा आणि मृत्यू नोंदवायचा, हे यमुनाताईंचे काम होते. यमुनाताई वळणावर का अडखळल्या ते हेमांगीला आता कळले.

"कोन येनार, मॅडम?" दत्तारामचा आवाज चढला नाही. "आयचा ठोका चुकला नि मशीनाला काय तो सावरला नाय. वय झाल्ला. मी गावात धावलो. दारोदार फिरलो. चार खांदे लागतात, दोघांनी तिरडी उचलत नाय. दारा बंद. लाकडा पन कोन देयाला तयार नाय. दुपारपर्यंत वाट बगितली. मग परसात खड्डा मारला. आमी दोघांनीच."

दोन साक्षीदार. दोन म्हणजे काहीच नाही. दोनशे बारा माणसांच्या आणि मरणाच्या मध्ये एका म्हातारीचा जीव कमी पडत होता, आणि तिला गावाने खांदा दिला नव्हता. हेमांगीला रडू आवरेना. "मला दाखवाल?" ती म्हणाली. निदान नमस्कार करावा, एवढेच तिच्या मनात होते.

परसात केळीच्या आडोशाला मातीचा उंचवटा होता, वर तुळस लावलेली. दत्ताराम पुढे झाला, तुळशीशी टेकला आणि त्याचा हात नकळत छातीवर गेला.

"काय होतंय?" हेमांगीने विचारले.

"काय नाय. हितं बसलो की होतं. छातीत थरथरतं, धाव्याला थरथरतं ना, तसं. मना वाटतं, त्या दिसाचा धावा अजून मनातना गेला नाय."

मागून सुगंधाचा तांब्या खाली पडला. "तुमाला पन होतं?" ती म्हणाली. "मी बोल्ले नाय कदी. मना वाटला, मी खुळी झाली."

हेमांगी गुडघ्यांवर बसली. तिने केंद्रातून आणलेले वाचकयंत्र पिशवीतून काढले. दहा हातांवरून काही ऐकू आले नाही. चार हातांवरूनही नाही. ओली माती लहरी गिळते. ती जमिनीजवळ सरकत गेली आणि उंचवट्यापासून दोन हातांवर पडद्यावर एक ओळ उमटली. क्रमांक अठ्ठ्याऐंशी. जुनी आज्ञावली. धावा चालू, उत्तर नाही. त्याखाली दिलेल्या ठोशांची संख्या होती, एक कोटी चार लाखांच्या वर. चार महिने ते यंत्र मातीतल्या त्या हृदयाला उठवत होते आणि ते उठत नाही म्हणून हाका घालत होते.

"तिसरा साक्षीदार आहे," हेमांगी म्हणाली. मेलेल्या माणसाचे नाव यादीतून काढायचे ते नोंद झाल्यावर, आणि नोंद करायला कुणी आलेच नव्हते. नियमाच्या दृष्टीने द्वारकाबाई अजून गावातल्याच होत्या. "पण पल्ला दोन हातांचा आहे. माणसांना इथं, या मातीवर छाती टेकून निजावं लागेल. एका वेळी दोघंच, तीन नवी यंत्रं जमली तर तुमची बदलतील. दोन दिवसांत होईल, आले तर."

"माज्या सासूला खांदा नाय दिला," सुगंधा कडाडली, "नि आता तिच्या उरावर निजायला येनार? नाय यायचा कोनी! मी कोनाला उभा करनार नाय!"

"त्यांत पोरा पन हायेत, सुगंधा," दत्ताराम म्हणाला. ती आत निघून गेली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केरसुणी होती आणि तिने परस झाडायला घेतले.

"हा धावा मला थांबवता येईल," हेमांगी हळूच म्हणाली. "ही कळ दाबली की झालं. यंत्र चालूच राहील, साक्षही देईल. लोक घाबरायचे नाहीत."

"नको," दत्ताराम म्हणाला. "तिनं हाक मारली ती ज्यांच्यासाठी, त्यांना जाऊ दे ऐकू."

गुरुवारी सकाळी देवळाच्या अंगणात सगळे गाव जमले. हेमांगीने आपली चूक कबूल केली, शनिवारचे सांगितले, कुणाच्या परसात जायचे ते सांगितले. कुणी तिला शिव्या दिल्या असत्या तर तिला बरे वाटले असते. पण सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि मग भिवातात्यांकडे.

भिवातात्या पासष्टीचे, आवाज अजून खणखणीत. द्वारकाबाई त्यांच्या भावकीतल्याच, नात्याने वहिनी. "जायाला आमी कुनाला अडवलाय?" ते म्हणाले. "वाळीत-बिळीत असला खारशेतात काय नाय. ज्याला जायचाय त्यानं खुशाल जावं."

"मग तुम्ही चला," हेमांगी म्हणाली. "तुम्ही, अण्णा आणि गुरव. तुमचा दिवस आजच आहे."

"बगू. बैठक घेऊ. इचार करायला होवा."

त्यावर चर्चा सुरू झाली. पहिला कोण जाणार? जो पहिला जाईल तो उद्या गावात कुठे बसणार? पुण्याच्या बाईचे खरे कशावरून? अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. हेमांगी हात जोडत होती, ओरडत होती. शिवराम अण्णा खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, पाच-सात माणसे बसलेली होती. कुणीतरी त्यांचे मत विचारले. त्यांनी दिले नाही. दुसऱ्याने हसून खांदा हलवला, तसे अण्णा हळूच कलंडले.

यमुनाताई धावल्या. त्यांनी छाती दाबली, तोंडात श्वास भरला, पुन्हा छाती दाबली. हेमांगीही दाबत राहिली. अण्णांचे हात केव्हाच गार पडले होते. नऊ वर्षांनी खारशेतमध्ये निजमरण झाले होते, सगळ्या गावाच्या मधोमध, आणि कुणाच्याही छातीत काही थरथरले नव्हते.

भिवातात्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. ते उठले आणि कुणाकडे न बघता खाडीच्या वाटेने चालू लागले. त्यांच्यामागे गुरव, गुरवांमागे यमुनाताई, आणि मग सगळे गाव.

परसाच्या कडेला, उंचवट्यापासून दहा-बारा पावलांवर, गर्दी थबकली. दत्ताराम तुळशीच्या एका बाजूला बसला होता, सुगंधा दुसऱ्या बाजूला. भिवातात्यांनी वहाणा काढल्या, डोईची टोपी काढून काखेत धरली, मग ती कुठे ठेवावी ते न सुचून गुरवांच्या हातात दिली. ते वाकले, गुडघे टेकले आणि मातीवर पालथे झाले.

हेमांगीने वाचकयंत्र पुढे धरले. एक साक्षीदार. दोन. तिसऱ्यासाठी तिने श्वास रोखला. पडद्यावर तीन आले आणि पंधरा मिनिटांची मोजणी सुरू झाली.

तेवढ्यात भिवातात्यांचे अंग ताठले. तीन तुटक, एक लांब. त्यांचे तळहात आपोआप मातीत रोवले गेले, गुडघा वर आला, आणि नऊ वर्षांच्या सवयीने तोंडातून खणखणीत आवाज निघाला.

"आलो!"

आपण कुठे आलो आहोत ते त्यांना मग कळले. गर्दीत कुणी हालचाल केली नाही.

"उठू नका, तात्या," हेमांगी म्हणाली. "उठलात तर पुन्हा पहिल्यापासून."

"बाय, ह्या काय हाय? कोनाचा धावा हाय?"

"द्वारकाबाईंचा. जेठापासूनचा."

मिनिटभराने त्यांची छाती पुन्हा थरथरली, या वेळी ते ओरडले नाहीत. त्यांनी कपाळ मातीला टेकवले. "थांबव ता," ते पुटपुटले. "तुझ्या पाया पडतो, थांबव."

कळ हेमांगीच्या अंगठ्याखालीच होती. तिने दत्तारामकडे बघितले. तो भिवातात्यांच्या पाठीकडे बघत होता आणि त्याचा स्वतःचा हात छातीवर होता, सुगंधाचाही. तिघांना एकाच वेळी थरथरत होते. हेमांगीने अंगठा काढून घेतला.

"वैनी," भिवातात्या मातीत तोंड घालून म्हणाले. आणखी काही म्हणाले असतील तर ते कुणाला ऐकू गेले नाही. दहा पावलांवरच्या गर्दीला धावा पोचत नव्हता, पण दर मिनिटाला म्हाताऱ्याची पाठ कशी आक्रसते ते दिसत होते. पुढची माणसे मागे सरकली नाहीत, पुढेही आली नाहीत.

"किती ऱ्हायला?" भिवातात्यांनी विचारले.

"बारा मिनिटं," हेमांगी म्हणाली. "आणि तुमच्या मागं दोनशे दहा माणसं आहेत."